युनिक्सच्या वंशावळीत लिनक्स कुठे लिहायचं?

रावपुरेकर
नमस्कार मंडळी. यंदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवली आहे. नववीपासून कॉलेजपर्यंतची मुलं येतील, शाळेत गुजराती-इंग्रजी आणि घरी मराठी बोलणारी. विषय माझ्या वाट्याला आलाय: आपण वापरतो त्या मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम आल्या कुठून? मोठ्या कागदावर वंशावळ काढून मांडवात लावायचा बेत आहे. सगळ्यात वर युनिक्सचा जन्म: १९६९, बेल लॅब्ज, केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचं पीडीपी-७ मशीन. सगळ्यात खाली फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड.

घोडं लिनक्सपाशी अडलंय. नेटवरच्या पुष्कळ चित्रांत युनिक्सपासून लिनक्सपर्यंत सरळ रेघ ओढलेली दिसते. ती मला पटत नाही. बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी या युनिक्सची सुरुवातच बेल लॅब्जच्या कोडवर झाली आणि त्या घरातून पुढे फ्रीबीएसडी निघालं. लिनक्स लिनस टॉरवल्ड्सने कोऱ्या पाटीवर लिहिलं. पण मुलांच्या हातातल्या फोनमध्ये चालतं ते लिनक्स, त्याला कोपऱ्यात ढकलणंही बरं वाटत नाही. तुम्ही ही रेघ कशी काढाल?

टर्मिनल
तुटक रेघ. विषय संपला.

जुना_ऑपरेटर
टर्मिनलभाऊ, विषय एवढ्यात कसा संपेल! मी बँकेत असताना शाखेत एससीओ युनिक्स होतं. एक मशीन आतल्या खोलीत, काउंटरवर नुसते हिरव्या अक्षरांचे टर्मिनल. तेही याच घराण्यातलं, पण बंद कोडचं. रावपुरेकर, मुलांना आधी हे सांगा की मुळात युनिक्स बाहेर पडलंच कसं. ते नाही कळलं तर पुढची एकही रेघ कळणार नाही.

एटी अँड टी ही टेलिफोनची कंपनी. १९५६ साली सरकारशी झालेल्या तडजोडीत तिला टेलिफोनबाहेरचा धंदा करायला मनाई झाली. त्यामुळे तिच्याच बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत एवढी चांगली प्रणाली तयार झाली, तरी ती बाजारात मांडून विकता येईना. मग विद्यापीठांनी मागितली की किरकोळ रकमेत परवाना आणि सोर्स कोडची टेप द्यायचे. सोबत ना मदत, ना दुरुस्ती. म्हणून विद्यापीठांनी स्वतः दुरुस्त्या केल्या आणि आपसात वाटल्या. बर्कली त्यातलंच एक. पुढे १९८४ साली टेलिफोन कंपनीचे तुकडे झाले, मनाई उठली, आणि युनिक्सचा धंदा सुरू झाला. परवान्याची किंमत तेव्हापासून वाढतच गेली. पुढची सगळी भांडणं त्यातून आली.

मांजलपूरची_मीरा
+१. शिकवण्याचा भाग मी जोडते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा कोड आणि त्यावरचं भाष्य वर्गासाठी छापलं. सातवी आवृत्ती १९७९ ला आली तेव्हा कंपनीने वर्गात कोड शिकवायलाच बंदी घातली. मग लायन्सच्या त्या पुस्तकाच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरल्या. अधिकृतपणे ते छापलं गेलं १९९६ साली!

त्याच बंदीमुळे अॅमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅननबाउम यांनी विद्यार्थ्यांसाठी स्वतःच एक छोटी प्रणाली लिहिली. तीच मिनिक्स, १९८७ ची. आणि मिनिक्सवर बसून लिनसने लिनक्स लिहायला घेतलं. म्हणजे त्या बंदीचा वंशावळीशी थेट संबंध आहे. कागदावर ती लिहाच.

सूरसागर
मी तर सरळ रेघच काढेन, आणि बडोद्याच्या मुलांना ती एका मिनिटात समजेल. सयाजीराव महाराज राजवाड्यात जन्मले होते का? नाशिककडच्या कवळाण्याचे गोपाळराव, १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले. गादी कुणी गाजवली? त्यांनीच. लिनक्स युनिक्सचा दत्तक मुलगा आहे आणि आज गादीवर तोच आहे.

मांजलपूरची_मीरा
@सूरसागर, उदाहरण गोड आहे, पण गोपाळराव गायकवाडांच्याच भाऊबंदातले होते. रक्त तेच, शाखा धाकटी. लिनक्सचं तसं नाही. शिवाय दत्तक घ्यायला घेणारा लागतो. एटी अँड टीने लिनक्सला मांडीवर कधी बसवलं?

सूरसागर
कंपनीने नसेल बसवलं, लोकांनी बसवलं. मी मागे हटत नाही :)

मकरपुरा_जीआयडीसी
आमच्या कारखान्यात मेल आणि फायरवॉल फ्रीबीएसडीवर होतं. त्याआधी तिथे काम करून गेलेल्या एका सिनियरने बसवून दिलेलं. ते मशीन इतकं शांतपणे चालायचं की नवीन आलेल्या लोकांना ते आहे हेच माहीत नसायचं. तिथेच मी फ्रीबीएसडीचं हँडबुक वाचायला शिकलो. कुठल्याही प्रणालीचं इतकं नेटकं लिहिलेलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही, आणि ते फुकट आहे.

फ्रीबीएसडीत कर्नल (म्हणजे प्रणालीचा गाभा), रोजच्या आज्ञा आणि मॅन्युअल हे सगळं एकाच घरात, एकाच झाडाखाली सांभाळलं जातं. लिनक्समध्ये कर्नल एकाचा, आज्ञा ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या, जुळवाजुळव डेबियनची किंवा रेड हॅटची. कुणाला खाली दाखवण्यासाठी म्हणत नाही. पण वंशावळ काढताना हा फरक महत्त्वाचा आहे. फ्रीबीएसडी अख्खी प्रणाली म्हणून वारशात आली. लिनक्स हा नुसता कर्नल, बाकीचं घर ग्नूने आधीच बांधून ठेवलं होतं. स्टॉलमन यांनी ग्नूची घोषणा १९८३ च्या सप्टेंबरात केली होती, लिनक्सच्या आठ वर्षं आधी. रावपुरेकरांच्या यादीत ग्नू दिसलं नाही म्हणून लिहिलं.

रावपुरेकर
ग्नू घेतो. बर्कलीचा भाग कुणीतरी नीट मांडा ना, मला तारखा हव्यात.

कलाभवनवाला
मी मांडतो. मोठं होईल, चहा घेऊन बसा.

केन थॉम्प्सन १९७५ साली वर्षभरासाठी बर्कलीला शिकवायला गेले. ते तिथेच शिकले होते. त्यांच्या हाताखालच्या कामातून बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याला नाद लागला. १९७८ मध्ये त्याने बर्कलीच्या लोकांनी केलेल्या गोष्टींची टेप वाटायला सुरुवात केली, तीच पहिली बीएसडी. ती स्वतंत्र प्रणाली नव्हती, मूळ युनिक्सवर चढवायची भर होती. जॉयचा एक्स एडिटर त्यात होता, त्यातूनच व्हीआय आलं. १९७९ च्या अखेरीस तिसरी बीएसडी आली, व्हॅक्स मशीनसाठी, आणि ती मात्र अख्खी प्रणाली होती. मग अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पाने पैसा दिला, कारण त्यांना आपल्या नेटवर्कवरच्या सगळ्या संशोधकांसाठी एकच प्रणाली हवी होती. १९८३ च्या ४.२बीएसडीत टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटची बोली, आली. आज इंटरनेटवर प्रोग्राम लिहिणारा जो सॉकेट वापरतो, तो तिथला.

पण ही टेप घ्यायची तर आधी एटी अँड टीचा परवाना हवा, आणि तो महाग होत चाललेला. लोक म्हणू लागले, नेटवर्कचा भाग तर तुमचाच आहे, तो वेगळा द्या. १९८९ साली दिला, नेट/१ या नावाने. कुणीही घ्या, बदला, विका, फक्त श्रेय ठेवा. मग कीथ बॉस्टिक म्हणाले, उरलेलंही असंच मोकळं करू. त्यांनी नेटवरून लोकांना हाक मारली: मूळ कोड न बघता, नुसतं मॅन्युअल वाचून एकेक आज्ञा नव्याने लिहून पाठवा. बदल्यात काय? योगदान देणाऱ्यांच्या यादीत नाव. दीड वर्षात शेकडो लोकांनी जवळपास सगळ्या आज्ञा लिहून दिल्या. पगार नाही, करार नाही. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त भारावणारी गोष्ट हीच वाटते. तुमच्या मुलांना दुसरं काही सांगायला वेळ उरला नाही तरी हे सांगा.

मग बॉस्टिक, माइक कॅरल्स आणि कर्क मॅक्युझिक यांनी कर्नल फाइलमागून फाइल तपासला. शेवटी सहा फाइली राहिल्या, ज्या सहज बदलता येणार नव्हत्या. त्या वगळून १९९१ च्या जूनमध्ये नेट/२ दिलं. त्या सहा फाइली बिल जोलिट्झ यांनी लिहिल्या, पत्नी लिन यांच्यासोबत ३८६ मशीनवर सगळं उभं केलं आणि १९९२ मध्ये ३८६बीएसडी मोफत दिलं. दुरुस्त्यांचा ढीग साचत गेला, मुख्य प्रतीत त्या वेळेवर येईनात. म्हणून १९९३ मध्ये दोन गट वेगळे निघाले. नेटबीएसडीवाल्यांना ती शक्य तितक्या मशीनांवर चालवायची होती. जॉर्डन हबर्ड, नेट विल्यम्स आणि रॉड ग्राइम्स यांच्या गटाला साध्या पीसीवर नीट चालणारी हवी होती, ते फ्रीबीएसडी. १९९५ मध्ये थिओ डी राट नेटबीएसडीतून वेगळे झाले, त्यांचं ओपनबीएसडी.

टर्मिनल
आणि लिनक्सवाल्यांनो, तुम्ही रोज ज्या ओपनएसएसएचने सर्व्हरवर जाता ते ओपनबीएसडीच्या घरातलं आहे, १९९९ पासून.

प्रतापनगर_०७
मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कलाभवनवाला काका, मस्त लिहिलंत. एक शंका. बीएसडीकडे १९९१ लाच जवळजवळ सगळं होतं, नेटवर्कसकट. लिनसकडे तेव्हा एक अर्धवट कर्नल. मग सगळे लिनक्सकडे का गेले?

जुना_ऑपरेटर
कोर्ट, बाळ. कोर्ट.

कलाभवनवाला
हो, कोर्ट. बर्कलीतून निघालेल्या काही लोकांनी बीएसडीआय नावाची कंपनी काढली आणि नेट/२ वर आधारलेली प्रणाली ९९५ डॉलरला विकायला काढली. फोन नंबर ठेवला १-८००-इट्स-युनिक्स! एटी अँड टीच्या उपकंपनीने, म्हणजे यूएसएलने, १९९२ मध्ये दावा ठोकला आणि पुढे विद्यापीठालाही त्यात ओढलं. न्यू जर्सीच्या न्यायाधीशांनी विक्री थांबवायला नकार दिला, पण दावा चालूच राहिला. मग विद्यापीठाने कॅलिफोर्नियात उलटा दावा लावला: आमचा कोड तुम्ही तुमच्या युनिक्समध्ये घातलात, आणि परवान्यात ठरलेलं श्रेय दिलं नाहीत!

दरम्यान नोव्हेलने यूएसएल विकत घेतली. त्यांचे प्रमुख रे नूर्डा यांना कोर्टापेक्षा बाजारात लढायचं होतं. १९९४ च्या जानेवारीत तडजोड झाली. अठरा हजारांपैकी तीन फाइली काढल्या, सत्तरेक फाइलींवर यूएसएलचं नाव लावलं. एवढ्यासाठी दोन वर्षं! ती दोन वर्षं कुठल्याही शहाण्या माणसाला बीएसडीवर काही उभारायची भीती वाटत होती आणि त्याच दोन वर्षांत लिनक्स रांगायचं सोडून पळायला लागलं. फ्रीबीएसडीला पहिली आवृत्ती बाजूला ठेवून तडजोडीनंतरच्या मोकळ्या ४.४बीएसडी-लाइटवर घर पुन्हा उभारावं लागलं. ती दुसरी आवृत्ती १९९४ च्या नोव्हेंबरात आली.

सूरसागर
दत्तकविधानाचा दावा कोर्टात गेला म्हणा की. माझ्या उदाहरणाला बळच मिळालं.

बावखलकर
नुसत्या कोर्टावर ढकलू नका. मी त्या काळात मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरून लिनक्स टाकलं होतं, आणि तेव्हा तर तडजोड होऊन गेली होती. लिनसचं वेगळेपण असं की तो लोकांची दुरुस्ती पटापट घ्यायचा. आज पाठवली, परवा नवीन आवृत्ती. त्याउलट ३८६बीएसडीत दुरुस्त्या अडकून राहायच्या, हे वर कलाभवनवाल्यांनीच लिहिलंय. लोक जिथे आपलं काम घेतलं जातं तिथे जातात. दुसरं कारण परवाना. १९९२ मध्ये लिनसने जीपीएल स्वीकारलं. मी दिलेलं कुणी बंद पेटीत घालणार नाही, ही हमी लिहिणाऱ्याला मिळाली.

मकरपुरा_जीआयडीसी
परवान्याचं मला पटत नाही. बीएसडीचा परवाना म्हणतो, घ्या आणि हवं ते करा. त्यामुळे तो कुठवर पोचला बघा. अॅपलच्या डार्विनमध्ये माख कर्नलसोबत बीएसडीचा मोठा हिस्सा आहे, म्हणजे प्रत्येक आयफोनमध्ये आहे. प्लेस्टेशन ४ ची प्रणाली फ्रीबीएसडीवरून केलेली. नेटफ्लिक्सचे सिनेमा पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचा, पण त्यातली बायोनिक ही सी लायब्ररी बऱ्याच अंशी बीएसडीतून घेतलेली. दिलेलं परत मागायचं नाही, हा मोठेपणा नाही का?

बावखलकर
मोठेपणा आहेच. पण प्लेस्टेशन खेळणाऱ्या पोराला तो कोड उघडून बघता येत नाही. मला त्या पोराची काळजी जास्त आहे. इथे आपलं जुळणार नाही.

अलकापुरी_आजी
तुमचं भांडण वाचायला छान वाटतंय. नातवाच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, त्यावर मी हे मराठीत टाइप करते आहे. ते कुठल्या शाखेत बसतं?

टर्मिनल
आजी, उबुंटू २००४ चं, डेबियनचं अपत्य. डेबियन १९९३ चं, इयन मरडॉक यांनी सुरू केलं. कर्नल लिनक्सचा. मराठी अक्षरं फ्रीबीएसडीच्या खिडक्यांच्या वातावरणातही छान दिसतात, फक्त काळ्या कन्सोलवर जोडाक्षरं जुळत नाहीत.

अलकापुरी_आजी
मग ते कुणीतरी जुळवा रे. सेव उसळ मी खाऊ घालीन.

मांजलपूरची_मीरा
आजी, सेव उसळीवर कर्नल लिहिणारे या धाग्यावर पुष्कळ सापडतील :)

मूळ प्रश्नाकडे येते. रावपुरेकर, तुमच्या पहिल्याच पोस्टमधली एक गोष्ट मला खटकते. फ्रीबीएसडीत बेलचा कोड म्हणून ठाम रेघ आणि लिनक्समध्ये नाही म्हणून रेघ नाही, असं तुमचं म्हणणं. पण कलाभवनवाल्यांनी सांगितलेली गोष्ट पुन्हा वाचा. बर्कलीची सगळी मेहनत बेलचा कोड काढून टाकण्यासाठीच होती! मोकळं व्हायचं म्हणून त्यांनी एकेक आज्ञा नव्याने लिहवून घेतली. मग कोड हीच खूण धरली तर फ्रीबीएसडीच्या रेघेतही फार थोडं उरतं.

रावपुरेकर
हे मात्र बिनतोड आहे. कलाभवनवाला?

कलाभवनवाला
मीराताईंचा मुद्दा खरा आहे, निष्कर्ष वेगळा निघतो. बीएसडी बदलत असताना एक दिवसही बंद पडली नाही. आज एक फाइल बदलली, उद्या दुसरी, आणि प्रणाली चालूच. १९७८ पासून आजच्या फ्रीबीएसडीपर्यंत हातातून हातात आलेली एकच गोष्ट आहे, मध्ये तुटलेली नाही. आणि सगळं पुसलंही गेलं नाही. त्या सत्तरेक फाइलींवर यूएसएलचं नाव लागलं ते उगाच नाही. अथेन्सचे प्राध्यापक डायोमिडिस स्पिनेलिस यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून फ्रीबीएसडीपर्यंतचा सगळा कोड एका गिट संग्रहात जोडून ठेवला आहे. कुठली ओळ कुणी कधी लिहिली ते त्यात बघता येतं. मांडवात प्रोजेक्टर असेल तर तोच उघडून दाखवा.

लिनक्स तसं नाही. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनसने मिनिक्सच्या चर्चागटात जाहीर केलं तेव्हा ते शून्यातून लिहिलेलं होतं. वागणूक युनिक्सची ठरवून घेतलेली, फाइल सिस्टिमची मांडणी मिनिक्सकडून, आज्ञा ग्नूच्या. आणि लिनसनेच १९९३ मध्ये सांगितलंय की तेव्हा ३८६बीएसडी हातात असतं तर लिनक्स बहुधा झालंच नसतं.

प्रतापनगर_०७
म्हणजे बीएसडी सहा-आठ महिने आधी आली असती तर मी आज वर्गात फ्रीबीएसडी शिकत असतो? भारीच.

जुना_ऑपरेटर
लिनक्समध्ये युनिक्सचा कोड आहे असं म्हणणाराही एक भेटला होता. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर दावा लावला, की आमचा युनिक्सचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घातलात. ज्यांचं युनिक्स मी बँकेत वापरलं त्यांचं नाव पुढे या कंपनीने घेतलं, म्हणून मला फार वाईट वाटलं. पण युनिक्सचे हक्क एससीओकडे आहेत का, यावरच नोव्हेलशी दुसरा खटला झाला आणि २०१० मध्ये ज्यूरीने हक्क नोव्हेलचे ठरवले. गंमत म्हणजे त्याच कंपनीने, तिचं नाव काल्डेरा असताना, २००२ मध्ये जुन्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपर्यंतचा कोड बीएसडीसारख्या परवान्याखाली खुला केला होता. तेव्हा तुमच्या कागदावर सगळ्यात वरचा चौकोनही आता मुक्त आहे. त्याला तसा रंग द्या.

बावखलकर
हे मला नवीन आहे. रंग द्याच.

रावपुरेकर
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय. हातातून हातात आलेल्या प्रणालीला ठळक रेघ: बेल लॅब्ज, बर्कली, ३८६बीएसडी, मग फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी, नेटबीएसडीतून ओपनबीएसडी. नुसती वागणूक घेतली तिथे तुटक रेघ: युनिक्सपासून मिनिक्सला, ग्नूला आणि लिनक्सला. मिनिक्सपासून लिनक्सलाही तुटक. लिनक्सपासून अँड्रॉइडला ठळक. १९७९ ची बंदी आणि १९९२ चा दावा लाल चौकोनात. सयाजीरावांचं उदाहरण तोंडी सांगेन, मीराताईंच्या आक्षेपासकट.

आणि मुलांकडून एक करून घेणार आहे. लिनक्सच्या लॅपटॉपवर आणि फ्रीबीएसडीच्या लॅपटॉपवर एकेकाने एलएस (फाइलींची यादी) आणि कॅट (फाइलीतला मजकूर) या आज्ञा द्यायच्या. ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये दोन्ही आहेत. मग कॅलेंडर दाखवणारी कॅल ९ १७५२ ही आज्ञा टाकायची आणि सप्टेंबरमधले अकरा दिवस कुठे गेले ते शोधायचं.

मकरपुरा_जीआयडीसी
फ्रीबीएसडीचा लॅपटॉप मी आणतो. वायफाय आधी तपासून ठेवतो, तेवढंच एक नाटक करतं.

टर्मिनल
मॅकला विसरलात. २००७ पासून मॅककडे युनिक्स म्हणवून घेण्याचं अधिकृत प्रमाणपत्र आहे. थेट घराण्यातल्या फ्रीबीएसडीकडे मात्र ते नाही.

रावपुरेकर
मॅक ठळक की तुटक?

कलाभवनवाला
दोन्ही नको, दोन ठळक रेघा एकत्र येताना दाखवा: कार्नेगी मेलनचा माख आणि बर्कलीची बीएसडी, नेक्स्ट कंपनीमार्गे. आणि सन कंपनीच्या सोलारिस या युनिक्ससाठी डावीकडे जागा सोडा. सन कंपनी १९८२ ची, बिल जॉय तिच्या संस्थापकांत, आपले विनोद खोसलाही. त्यांचं सनओएस बीएसडीवर आधारलेलं, पुढे सोलारिस एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सवर गेलं. २००५ मध्ये ओपनसोलारिस म्हणून खुलं केलं, आणि ओरॅकलने सन घेतल्यावर २०१० मध्ये लोकांनी त्यातून इलुमॉस वेगळं काढलं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम तिथली, आता फ्रीबीएसडीतही आहे.

बावखलकर
आडव्या रेघा सुरू झाल्या म्हणजे कागद पुरणार नाही. दोन चिकटवा.